पाटावर एकच वस्तू

गेल्या महिन्यात इथल्याच, झाशीतल्या एका मुलींच्या कॉलेजात मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मुलींनी विज्ञान आणि तंत्रज्ञानाकडे वळावं, असा विषय होता. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ सगळं यथासांग झालं आणि मग सूत्रसंचालन करणारी बाई माइकसमोर गहिवरून म्हणाली, "मैडम बचपन में बहुत सुंदर गाती थीं, लेकिन इंजीनियर बनने के लिए उन्होंने अपने संगीत की आहुति दे दी." टाळ्या पडल्या. समोरच्या मुली माझ्याकडे सती गेलेल्या बाईकडे बघावं तशा बघायला लागल्या. ही आहुतीची गोष्ट तिला कोणी सांगितली कोण जाणे, मी तर सांगितली नव्हती. बहुधा तिने ती आपल्या मनानेच जोडली असणार, कारण आपल्याकडे बाईने काही मिळवलं की तिने बदल्यात काय सोडलं याची चौकशी आधी होते. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आहुति माँगी गई थी. मैंने दी नहीं." मग लिहून नेलेलं भाषण पर्समध्येच राहिलं आणि मी जे बोलले ते तिथल्या मोठ्या माणसांना फारसं रुचलं नाही. घरी आले तरी डोक्यातली तिडीक जाईना. म्हणून ती आहुती कोणी मागितली आणि कशी टळली, ते इथे लिहून काढते आहे.

आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, झाशी शहराच्या बाहेर. कारखान्यात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर बनत आणि बाबा तिथे तपासणी विभागात इंजिनिअर होते. ते मूळचे वाईचे, नोकरीसाठी इकडे आलेले, आणि पोहे पातळ मिळत नाहीत इथपासून हिवाळा फार इथपर्यंत सगळ्याबद्दल त्यांची तक्रार असायची. आई मात्र इथलीच. तिचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारभारी म्हणून आले आणि इथलेच झाले. तिच्या मराठीत मधूनच हिंदी यायची आणि मधूनच असे जुने शब्द यायचे की बाबांना हसू आवरत नसे. स्वयंपाकघराला ती मुदपाकखाना म्हणे. "दोन खोल्यांचं क्वार्टर आणि मुदपाकखाना!" बाबा म्हणायचे. "सरकार, आज मुदपाकखान्यात काय शिजलंय?" आई पदर खोचत उत्तर द्यायची, "कढी-भात आहे, और क्या! जास्त बोलाल तर तोही मिळायचा नाही." शनिवारी ती फोडणीची पोळी करायची आणि त्यात चारोळी घालायची. चारोळी इकडे जंगलातून पोत्याने यायची, पण पोळीच्या कुस्कऱ्यात चारोळी हे बाबांना अखेरपर्यंत पटलं नाही, आणि अखेरपर्यंत ते ती वेचून वेचून आधी खात राहिले.

घरात आम्ही दोघं भावंडं. दादा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. त्याला क्रिकेटचं वेड. त्याची बॅट दाराच्या मागे उभी असायची आणि तिला जवसाचं तेल लावणं हे घरातलं एक कामच होतं. मला गाण्याचं वेड. माझा तंबोरा आतल्या खोलीत खुंटीजवळ, लाल खोळ घालून ठेवलेला असायचा. माझा म्हणते खरी, पण तो आला होता आईबरोबर. तिच्या वडिलांनी तिला शिकायला आणून दिलेला, तो लग्नात भांड्यांसोबत आमच्या घरी आला. आईने मात्र तो हातात घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. विचारलं की म्हणायची, "वेळ कुठाय बाई, मुदपाकातून सुटका झाली तर ना." तेव्हा आम्हाला ते उत्तर पुरेसं वाटायचं. मी मोठी झाले, तंबोरा लावायला शिकले आणि घरात सगळेच त्याला मंजूचा तंबोरा म्हणायला लागले. मंजू म्हणजे मी.

शिकायला मी मानिक चौकातल्या एका गल्लीत जायची. खाली बांगड्यांचं होलसेल दुकान, वर मास्टरजींची खोली. मास्टरजी म्हातारे, दम्याने बेजार, पण कान असा की गल्लीतल्या सायकलच्या घंटीवरून कोण आलं ते सांगायचे. ते मला बिन्नू म्हणत, इकडे लाडक्या मुलीला म्हणतात तसं. पहिलं वर्षभर त्यांनी मला गाऊच दिलं नाही. नुसतं ऐकायला लावलं. तंबोऱ्याची एक तार किंचित उतरवायचे आणि विचारायचे, "काय बिन्नू, का सुनात?" म्हणजे काय ऐकू येतंय? दोन तारा जवळजवळ जुळलेल्या असल्या की आवाज झोक्यासारखा हलतो, एकदा मोठा, एकदा लहान. तार चढवत नेली की तो हेलकावा संथ होत जातो आणि अगदी जुळली की थांबतो. तो थांबण्याचा क्षण पकडायला शिकणं हेच माझं पहिलं शिक्षण. पुढे फिजिक्सच्या पुस्तकात हीच गोष्ट एका सूत्रात लिहिलेली सापडली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. वर्गात बाकीच्या मुली ते सूत्र पाठ करत होत्या आणि मला ते कानाने ओळखीचं होतं.

आता ट्रान्सफॉर्मरचं सांगते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे, तारेच्या कुंपणात, कॉलनीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर होता आणि तो अखंड गुणगुणत असे. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा, आम्हाला त्याच्याशिवाय करमायचं नाही. मी सकाळी मागच्या अंगणात रियाजाला बसायची आणि त्याचा सूर मला फुकटात मिळायचा. माझा सूर काळी चार, त्याचा जरासा खाली, पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठेतरी. गंमत म्हणून मी एके दिवशी खर्जाची तार त्याच्याशीच जुळवली. हेलकावा थांबला, तार आणि ट्रान्सफॉर्मर एक झाले. त्याच दिवशी संध्याकाळी बसले तर दोघांचं पुन्हा बिनसलेलं. ट्रान्सफॉर्मर खाली उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जागेवर. संध्याकाळी पुन्हा उतरलेला.

मी बाबांना सांगितलं. ते चहा पीत होते. "तंबोरा उतरला असेल," ते म्हणाले. "उन्हाने तार सैल होते." मला ते पटण्यासारखं वाटलं आणि म्हणूनच झोंबलं. मग मी शेजारच्यांची पेटी मागून आणली. पेटीच्या पट्ट्या उन्हाने सैल होत नाहीत. सकाळी पेटीच्या पांढऱ्या पाचपेक्षा ट्रान्सफॉर्मर चढा, संध्याकाळी तिच्यावर येऊन बसलेला आणि भर दिवेलागणीला तर तिच्याही खाली. तीन-चार दिवस तपासलं, तेच. मास्टरजींना सांगितलं तर ते खोकत खोकत हसले. "साँझ कें सबके घर बत्ती जरत, तो बिजली सोई थक जात हुइए." घरोघर दिवे लागले की वीजही थकत असेल, असं ते गमतीने म्हणाले होते, पण अगदी तसंच आहे. वीज ज्या वेगाने उलटसुलट वाहते त्याच्या दुप्पट वेगाने ट्रान्सफॉर्मरच्या आतले पत्रे थरथरतात. संध्याकाळी सगळीकडचे दिवे, पंखे, गिरण्या एकदम सुरू झाल्या की वीजघरातली यंत्रं त्या ओझ्याने जराशी मंदावतात आणि त्यांच्याबरोबर सगळ्या मुलखातल्या ट्रान्सफॉर्मरांचा सूर उतरतो. हे मी दादाच्या पुस्तकातून आणि माझ्या डोक्यातून जुळवलं. तो आनंद आयुष्यात पुन्हा क्वचित मिळाला. घराच्या मागच्या अंगणात बसून मी कुठल्या तरी दूरच्या वीजघराची धाप ऐकत होते!

हे मी बाबांना पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून आले आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "काल संध्याकाळी फ्रीक्वेन्सी खरंच खाली होती. मीटरवर पाहिली." एवढंच. मी वाट बघत राहिले की पुढे काहीतरी म्हणतील. त्यांनी आमटी वाढायला सांगितली. आणि रविवारी कॉलनीतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत मी चहाचे कप घेऊन गेले तर बाबा सांगत होते, "आमची मंजू ट्रान्सफॉर्मरला गाणं शिकवते. म्हणते, संध्याकाळी बेसूर होतो!" सगळे खो खो हसले. मीटरवर पाहिल्याचं त्यांनी त्यांना सांगितलं नाही. हेच दादाने शोधलं असतं तर? याचं उत्तर मी सतरा वर्षांची असतानाही जाणत होते. तोच किस्सा 'पोरगं फार हुशार आहे' या सदरात सांगितला गेला असता. बाबा वाईट नव्हते. ते तर कॉलनीत पुढारलेले म्हणून प्रसिद्ध होते, मुलीला गणित घेऊ देणारे, इंजिनिअरिंगच्या परीक्षेला बसू देणारे. त्या 'देणारे'चा मला आजही राग येतो.

मग ते विज्ञान प्रदर्शन आलं. शहरातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांचं, मुलामुलींचं मिळून. मी बारावीत होते. भंगारातून एक छोटा ट्रान्सफॉर्मर मिळवला, तो पोकळ लाकडी खोक्यावर बसवला म्हणजे त्याचं गुणगुणणं चांगलं ऐकू येई. शेजारी पेटी. लोकांना हेलकावा ऐकवायचा, तो घड्याळ लावून मोजायला सांगायचा आणि त्यावरून वीज त्या क्षणी किती मंद चालली आहे ते सांगायचं, इतकं साधं. सकाळी मी टेबल मांडून बसले तर आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बड़ी बहनजी म्हणत, आल्या, पेटी बघितली आणि म्हणाल्या, "अरे, बाजा? ये तो कला वाले कमरे में जाएगा." मी सांगायला लागले की बहनजी, हे वीज मोजायचं यंत्र आहे. त्या म्हणाल्या, "हाँ हाँ, बहुत सुंदर है," आणि शिपायाने माझं खोकं उचललं. मला ज्या खोलीत नेलं तिथे एका बाजूला विणलेले स्वेटर होते, दुसऱ्या बाजूला लोणच्यांच्या बरण्या. विज्ञानाच्या हॉलमध्ये पंखे होते, या खोलीत नव्हते. मी पेटीच्या भात्यावर पडणारा घाम टिपत दिवसभर बसले आणि येणाऱ्या बायका मला लोणच्याचा मसाला विचारत राहिल्या.

परीक्षक आले ते दिवेलागणीला. इंजिनिअरिंग शिकवणारे मोठे गृहस्थ होते, सोबत बड़ी बहनजी आणि आणखी काही मंडळी. मला वाटलं, बरी वेळ आहे, आता फरक चांगला ऐकू येईल. मी सगळं समजावलं. हेलकावा ऐकवला. वीज आत्ता मंदावलेली आहे हे आकड्यासकट सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "पापा फैक्टरी में हैं?" मी हो म्हटलं. "तभी," ते सोबतच्यांकडे बघून म्हणाले, "अच्छा बनाकर दिया है." मग माझ्याकडे वळून प्रेमाने, अगदी खऱ्या प्रेमाने म्हणाले, "बिटिया, बाजा लाई हो तो एक भजन भी सुना दो."

माझ्या कानांत नुसता ट्रान्सफॉर्मर वाजत होता. मला भजनं येत होती, चांगली येत होती, दर गुरुवारी मी म्हणायची. गाणं म्हणजे मला काही कमीपणा नव्हता. पण या माणसाला मी वीज दाखवत होते आणि त्याला त्यात फक्त गाणारी पोर दिसत होती. जो कान तो भजनासाठी वापरायला सांगत होता, त्याच कानाने मी त्याच्या शास्त्राची गोष्ट शोधली होती, आणि हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. मी म्हणाले, "सर, उधर हॉल में एक लड़के ने पंप बनाया है. आपने उससे पानी भरवाया?" बड़ी बहनजींनी जीभ चावली. परीक्षक हसले, मग हसू थांबलं, मग ते लोणच्यांकडे गेले. बक्षीस पंपाला मिळालं. लोणच्यालाही एक मिळालं. मला काहीच मिळालं नाही, याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. परीक्षकांसोबतच्या मंडळींत बाबांच्या ओळखीचे एक जण होते. बाबा दारातच उभे. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवलं आणि समजूतदार आवाजात निकाल दिला. "तुला इंजिनिअर व्हायचंय, माझी हरकत नाही. पण हे गाण्याचं आता पुरे. दोन्हीकडे लक्ष घातलंस की असा घोळ होतो. लोकांनाही कळत नाही, मुलगी नक्की काय करते आहे. दसरा झाला की तंबोरा कॉलनीच्या मराठी मंडळाला देऊन टाकू, गणपतीत कामाला येईल." मी म्हटलं, "आणि दादाची बॅट?" दादाला त्या वर्षी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला नव्हता आणि तो दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होता. बाबा म्हणाले, "त्याला विरंगुळा नको का? डोकं शिणतं." माझं डोकं बहुधा शिणायचंच नव्हतं. दादा आतून म्हणाला, "मी काय केलं यार?" आणि खरोखरच त्याने काही केलेलं नव्हतं. त्याला कधी काही करावंच लागलं नाही.

आई ओट्यापाशी होती. मी तिच्यापाशी जाऊन रडले तेव्हा म्हणाली, "सब्र कर जरा," आणि पोळी लाटत राहिली. मला तिचाही राग आला. मास्टरजींना सांगायला गेले तर ते म्हणाले, "बिन्नू, तार उतर जाए तो फिर चढ़ जात. टूट जाए तो?" आणि पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. मी जिना उतरले आणि बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहून ठरवलं की मी परीक्षेलाच बसणार नाही. म्हणजे एकाच घावात दोन्ही जाणार होतं. मुलींवर हा जो पर्याय लादतात ना, त्यातून बहुतेक वेळा हेच निघतं. माझ्या वर्गातली एक चित्रं काढणारी मुलगी वनस्पतिशास्त्रात अशी रमली असती की विचारता सोय नाही, पण तिलाही निवडायला लावलं. तिने काहीच निवडलं नाही. चिरगावला सासरी गेली आणि संपलं. आजही मला शाळाशाळांतून आया भेटतात, दहावीनंतर मुलीचं नाचणं बंद केलंय, शिवणाचं मशीन बंद केलंय, असं अभिमानाने सांगतात. कामाच्या उभ्या आयुष्यात मी ट्रान्सफॉर्मरच्या आवाजावरून त्याचा आजार ओळखत आले. आतला एखादा बोल्ट सैल झाला की गुणगुणण्यात खरखर येते, मीटर बोलायच्या आधी येते. ती ऐकायला मी मास्टरजींच्या खोलीत शिकले होते. हे मी त्या आयांना सांगते, त्या हो हो म्हणतात आणि मुलीला घेऊन ट्यूशनला जातात.

नवरात्र आलं. आमच्याकडे खंडेनवमीची एक रीत होती, बाबांनी वाईहून आणलेली आणि त्यांनी फार निष्ठेने पाळलेली. नवमीच्या संध्याकाळी देवासमोर मोठा पाट मांडायचा, त्यावर प्रत्येकाने आपापल्या कामाचं साधन ठेवायचं आणि त्याची पूजा करायची. एकदा पाटावर ठेवलेलं दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी हलवायचं नाही, वापरायचं नाही. मग ज्याने त्याने आपली वस्तू स्वतःच्या हाताने उचलायची आणि तिने थोडंसं काम करायचं. बाबा आपला मीटर आणि पकड ठेवत, उचलली की एखाद्या खुर्चीचा स्क्रू पिळत. दादा पुस्तक आणि बॅट ठेवायचा आणि अंगणात एक चेंडू टोलवायचा. मी पुस्तक आणि तंबोरा. आई विळी ठेवायची. आठवतं तेव्हापासून आईची विळीच होती. तिला हळदकुंकू वाहिलं की बाबा म्हणत, "मुदपाकखान्याचं शस्त्र!" आणि विळी पाटावर असल्यामुळे दसऱ्याच्या पुजेआधी भाजी चिरायची नाही, म्हणून आई नवमीलाच सगळं चिरून ठेवायची.

त्या नवमीला बाबांनी पाट पुसला, रांगोळी मी काढली. दादाने पुस्तक ठेवलं, त्यावर बॅट आडवी ठेवली. मी फिजिक्सचं पुस्तक ठेवलं आणि खोळ काढून तंबोरा उचलायला वळले, तर बाबा म्हणाले, "मंजू. यंदा एकच. तुझी वस्तू एकच असायला हवी." मी दादाच्या दोन वस्तूंकडे बघितलं. बाबांनी माझी नजर पाहिली आणि पाटावरचं फूल सारखं केलं. मी म्हणाले, "मग हे पुस्तकही नको. पाटावर माझं काहीच नको," आणि पुस्तक परत उचलायला हात पुढे केला. बाबांनी माझा हात धरला. "ठेवलेलं उचलायचं नसतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात नेहमीसारखी धुऊन पुसलेली विळी होती. तिने आमच्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं. मग ती वळली, विळी परत आत ठेवून आली आणि खुंटीजवळचा तंबोरा उचलला. जड होता, पण तिने तो ज्या सवयीने काखेत घेतला ते बघून मी थक्क झाले. तिने तो पाटाला टेकवून आडवा ठेवला, बरोबर जिथे विळी असायची तिथे.

बाबा म्हणाले, "अगं, मंजूचा तंबोरा..."

"मंजूचा नाही," आई म्हणाली. "माझा आहे. प्रत्येकाने आपलं ठेवायचं ना? मी आपलं ठेवलंय."

"आणि विळी?"

"विळी माझी कधी होती? ती घराची आहे." आईने तंबोऱ्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "आता ठेवलंय जी. ठेवलेलं उचलायचं नसतं."

मला गहिवरून आलं असं कोणी म्हणेल. नाही. मी संतापले होते. इतकी वर्षं या बाईने आपलं म्हणून विळी पुजली, आणि आम्ही तिघंही ती बघत हात जोडत होतो! आम्हाला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं, उलट बाबांचा विनोद दरवर्षी ठरलेला होता. बाबा आरती म्हणायला लागले. त्यांचा सूर लागत नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही उठलो. दादा कचनाराची पानं तोडून घेऊन आला होता. इथे आपटा सहज मिळत नाही, म्हणून आमच्या कॉलनीत सगळे कचनारच सोनं म्हणून वाटत, तेवढं बाबांनी चालवून घेतलं होतं. उत्तरपूजा झाली. दादाने बॅट उचलून चेंडू टोलवला. बाबांनी स्क्रू पिळला. मी पुस्तकाचं एक पान वाचलं, त्यातलं काहीही डोक्यात शिरलं नाही. मग आईने तंबोरा उचलला आणि मागच्या अंगणात जाऊन चटईवर बसली. तिला तो लावायला खूप वेळ लागला. खुंट्या कडक झाल्या आहेत, जवारी बिघडली आहे, असं पुटपुटत ती एकेक तार चढवत होती. पलीकडे ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. मी बघत होते, ती मान जराशी कलती करून त्याचाच सूर आधी ऐकत होती आणि मग त्याला बाजूला सारून आपला शोधत होती. माझ्या आधी, माझ्या कितीतरी आधी तिला तो ऐकू येत असणार. तारा जुळल्या. तिने षड्ज लावला. आवाज बसलेला होता, थरथरत होता, पण जागा अचूक होती.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. श्रीखंडाचा चक्का टांगलेला होता, पुरीची कणीक मळायची होती, लाल भोपळा तसाच अख्खा पडला होता, कारण नवमीला तो चिरायचा राहून गेला होता आणि रात्रीही आईने चिरला नव्हता. बाबा म्हणाले, "आज भाजीचं काय?"

आईने तार छेडतच सांगितलं, "विळी मोकळी आहे यंदा. पाटावर नव्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बस इथे. काळी चार ना तुझी? मला काळी पाचचा त्रास होतो आता."

बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग आत गेले. दादालाही त्यांनी हाक मारली. आम्हाला आतून भोपळ्याशी झटापट चाललेली ऐकू येत होती, बाबा म्हणत होते, "अरे, असं नाही, पातं तिकडे कर." तंबोरा मंडळाला गेला नाही. परीक्षेला मी बसले, आणि त्या वर्षी सकाळच्या रियाजाला आम्ही दोघी बसलो, कधी ती, कधी मी.

दुपारी भोपळ्याची भाजी पानात आली. फोडी लहानमोठ्या, काही विरघळलेल्या, काही कच्च्या, मीठ जास्त. बाबा आईच्या तोंडाकडे बघत होते. आई म्हणाली, "छान झालीय हो." त्या एका भाजीचं बाबांनी कॉलनीभर वर्षभर सांगितलं आणि लोक म्हणाले, काय पुढारलेला माणूस! तिने इतकी वर्षं केलेल्या भाज्यांना घरात कोणी, मीसुद्धा, कधी छान म्हटल्याचं मला आठवत नाही.